यात हॅरी कुठे आहे?

४ डिसेंबर २००८ रोजी जे. के. रोलिंगचं ‘द टेल्स ऑफ बीडल द बार्ड’ दुकानांत आलं, तेव्हा हॅरी पॉटरचा सातवा आणि शेवटचा भाग येऊन दीड वर्षही झालं नव्हतं. वाचक उपाशीच होते. जाडजूड सात भाग रिचवलेल्या या मंडळींच्या पानात एवढीशी वाढ पडली: शंभर-सव्वाशे पानं, पाच गोष्टी आणि त्यांतली एक सातव्या भागात आधीच वाचलेली. माझ्या भाचीने डेक्कन क्वीन पुण्याहून सुटताना पुस्तक उघडलं, कर्जतच्या आत मिटलं आणि मला फोन लावला, “मामा, यात हॅरी कुठे आहे?”

हा प्रश्न तिच्या एकटीचा नव्हता. चाहत्यांत तेव्हा जे दोन तट पडले, ते आजही मिटलेले नाहीत. एक म्हणतो, हे पुस्तक म्हणजे तसराळ्याला चिकटलेल्या पिठाची थापलेली भाकरी. दुसरा म्हणतो, पैसे अनाथ मुलांसाठी जाणार होते, मग नावं कशाला ठेवायची? मला दोन्ही मान्य नाहीत, आणि दुसरा तर पहिल्याहून कमी. देणगीची पावती आणि पुस्तक यांत फरक आहे. पुण्यकर्म म्हणून ज्याला माफी द्यावी लागते, ते पुस्तक वाचायचं कशाला?

पैशाचं आधी उरकून टाकतो. रोलिंगने २००७ मध्ये या गोष्टींच्या सात प्रती स्वतःच्या हाताने लिहिल्या, चामड्यात बांधून चांदी आणि खड्यांनी मढवल्या. सहा प्रती जवळच्यांना दिल्या. सातवीचा त्या डिसेंबरात लंडनमध्ये सदबीजकडे लिलाव झाला. अंदाज होता ३० ते ५० हजार पौंडांचा. अ‍ॅमेझॉनने ती १९ लाख ५० हजारांना घेतली. त्यानंतर जवळपास वर्षभर सामान्य वाचकाच्या वाट्याला फक्त त्या प्रतीची छायाचित्रं आणि गोष्टींचे सारांश आले. लोक चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. गोष्ट ही तिजोरीत ठेवायची वस्तू नव्हे. पण पुढे रोलिंगने साधी आवृत्ती काढली, ६ पौंड ९९ पेन्सची, आणि कुलूप उघडलं. तिच्याबरोबरची ५० पौंडांची शोभेची आवृत्ती कुणी घेतली नसती तरी साहित्याचं काही अडलं नसतं, हेही मान्य. हा हिशेब इथे संपला.

आता हॅरी. तो या पुस्तकात नाही, कारण तो असूच शकत नाही: या जादूगारांच्या घरांत मुलांना सांगायच्या जुन्या गोष्टी आहेत, बीडल नावाच्या कथेकऱ्याच्या. हॅरी आणि त्याची मैत्रीण हर्मायनी दोघंही जादू नसलेल्या घरांत वाढले. बीडलचं नावही त्यांनी ऐकलेलं नव्हतं. ऐकलं होतं ते जादूगारांच्या घरात वाढलेल्या त्यांच्या मित्राने, रॉनने. सातव्या भागात हर्मायनी तीन भावांची गोष्ट मोठ्याने वाचायला लागते. ते भाऊ कातरवेळी निघाले असं ती म्हणते आणि रॉन मध्येच तिला अडवतो: आमची आई मध्यरात्र सांगायची! पोथीत एक आणि आईच्या तोंडी दुसरंच. चातुर्मासात ज्याने आजीकडून कहाण्या ऐकल्या आहेत आणि मग छापील पुस्तकात ताडून पाहिल्या आहेत, त्याला हे दुखणं ठाऊक आहे. रोलिंगच्या जगात बँक होती, मंत्रालय होतं, वर्तमानपत्र होतं, खेळाचे नियमसुद्धा होते. लहान मुलाला झोपवताना काय सांगतात, एवढंच नव्हतं. ते या पुस्तकाने आणलं.

गोष्टींचं तात्पर्य फार बाळबोध आहे, हा आक्षेप वरवर पाहता खरा वाटतो. शेजाऱ्यांना मदत नाकारणाऱ्या जादूगाराच्या मागे बापाचं जुनं भांडं एका पायावर उड्या मारत लागतं, गावातली सगळी दुखणी अंगावर घेऊन कण्हतं आणि शेवटी त्याला वठणीवर आणतं. झालं. पण गोष्टीखाली हॅरीच्या शाळेचा मुख्याध्यापक डंबलडोर याच्या टिपा आहेत. त्या सांगतात, की जादूगारांचा छळ सुरू झाल्यावर हीच गोष्ट फिरवली गेली: नव्या पाठात भांडं मशाली घेऊन आलेल्या शेजाऱ्यांनाच गिळतं. दयेची गोष्ट सुडाची झाली. पुढे बिअ‍ॅट्रिक्स ब्लॉक्सम नावाच्या बाईंनी तिच्यातलं दुखणं-खुपणं काढून टाकून ती इतकी गोड केली की मुलांना मळमळावं. दैवी कारंज्याच्या गोष्टीत चेटकीण बिनजादूच्या सरदाराशी लग्न करते, म्हणून जादूगारांच्या शुद्ध रक्ताचा कैवारी ल्युशिअस मालफॉय ती शाळेच्या ग्रंथालयातून काढून टाका म्हणून मागे लागतो. (या गोष्टीतल्या एका चेटकिणीचं नाव आशा आहे. मराठी वाचक तिथे क्षणभर थबकतोच.) तेव्हा पुस्तकाचा विषय तात्पर्य हा नाहीच. एका सरळ गोष्टीचं कोण काय करतं, हा आहे. पाठभेद, काटछाट, बंदीची मागणी: ज्या समाजात गोष्टी जिवंत असतात, तिथे हे सगळं होतं.

‘सगळं उसनं आहे’ म्हणणाऱ्यांना तर मी मनापासून दाद देतो, कारण ते खरं बोलतात. फक्त तो दोष समजतात. प्रेमाचा त्रास नको म्हणून काळीज काढून पेटीत ठेवणारा जादूगार, आणि त्या काळजावर वाढलेले केस, ही पाचांतली सर्वांत भीषण गोष्ट. हिचे नातेवाईक आपल्याकडे आहेत. मेरी फ्रिअर या मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीने आपल्या आयेकडून, अ‍ॅना लिबेराटा डिसोझाकडून, दख्खनच्या प्रवासात गोष्टी ऐकल्या आणि १८६८ मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ नावाने छापल्या. त्यातल्या पंचकिन जादूगाराचा जीव एकावर एक रचलेल्या सहा घागरींखालच्या पिंजऱ्यातल्या हिरव्या पोपटात आहे. आपण आजही ‘याचा जीव त्या पोपटात’ म्हणतोच. तीन भावांच्या गोष्टीमागे चॉसरची एक कथा आहे हे रोलिंगने स्वतः सांगितलेलं आहे, आणि चॉसरच्या त्या कथेची नाळ वेदब्भ जातकापर्यंत नेता येते: रत्नांच्या पावसासाठी दरोडेखोर एकमेकांना मारत जातात, शेवटच्या दोघांतला एक तलवारीने मरतो आणि दुसरा विषारी भाताने. पाली, इंग्रजी, मग पुन्हा इंग्रजी. लोककथा अशीच चालते, ती कुणाच्या मालकीची राहत नाही.

केसाळ काळजाची गोष्ट मुलांना सोसवेल का, हा प्रश्न टिपांतच आहे. जादूगार आईबापसुद्धा मूल जरा मोठं झाल्याशिवाय ती सांगत नाहीत. ब्लॉक्समबाईंनी ती लहानपणी दाराआडून ऐकली, म्हणून तर त्या पुढे तशा झाल्या.

उरला तो आक्षेप जो खऱ्या, पारायणं केलेल्या चाहत्यांचा आहे, आणि मला सर्वांत चुकीचा वाटतो: टिपांत नवीन काही नाही, डंबलडोर आपल्याला माहीत असलेलंच सांगतो. उलट, तो माहीत असलेलं सांगत नाही! तीन भाऊ मरणाला चकवून त्याच्याकडून कांडी, खडा आणि झगा मिळवतात, त्या गोष्टीवर लिहिताना तो अजिंक्य कांडीच्या मालकांची यादी देतो आणि लॉक्सियासपाशी थांबतो. कांडी त्या वेळी त्याच्याच खिशात आहे. १९४५ मध्ये त्याने ती ग्रिंडेलवाल्ड या दुष्ट जादूगाराला हरवून मिळवली. अदृश्य करणारा झगा कुणाचा, हेही त्याला ठाऊक आहे. एक अक्षर नाही. रोलिंगने प्रस्तावनेत तसा इशारा दिलेला आहे, पण प्रस्तावना वाचतो कोण?

आणि तारीख पाहा. टिपा त्याच्या मृत्यूच्या सुमारे दीड वर्ष आधी पुऱ्या झाल्या असं पुस्तक सांगतं. तो मेला १९९७ च्या जूनमध्ये. म्हणजे १९९५ संपता संपता हा गृहस्थ टेबलाशी बसून लिहितो की गोष्टीचा बोध याहून स्पष्ट असूच शकत नाही, मरणाला चुकवायला जाणाऱ्याच्या हाती निराशाच येते, आणि लोक मात्र नेमका उलटा अर्थ काढतात. पुढच्याच उन्हाळ्यात त्याला गोष्टीतला तो मेलेल्यांना परत आणणारा खडा एका अंगठीत सापडतो. ती शापित आहे हे तो विसरतो. आई, बाप आणि बहीण दिसावीत म्हणून तो ती बोटात घालतो, आणि हात कोळशासारखा काळा पडतो.

ज्याने भाष्य लिहिलं, त्यालाच ते उपयोगी पडलं नाही. सातही भागांत डंबलडोर इतका उघडा कुठे पडलेला मला आठवत नाही, आणि इथे तो पडतो तो स्वतःच्या हस्ताक्षरात. ही काही उरल्यासुरल्या पिठाची भाकरी नव्हे.

भाचीला मी तेव्हा इतकंच म्हटलं, तुम्हालाही तेच सांगतो: पुस्तक घरात पडलं असेल तर शेवटची टीप पुन्हा वाचा, आणि ती संपली की लगेच सहाव्या भागाची सुरुवात काढा, जिथे तो काळा हात पहिल्यांदा दिसतो.