काच भिंतीत घ्या, प्लास्टिक घराबाहेर ठेवा

सांगलीत मी तंत्रनिकेतनात बांधकाम साहित्याच्या चाचण्या शिकवते. दर वर्षी शेवटच्या वर्षाचा एक तरी गट प्रकल्पासाठी प्लास्टिकची वीट करायला घेतो. कॅरीबॅगा गोळा करायच्या, पत्र्याच्या डब्यात वितळवायच्या, वाळू कालवायची आणि साच्यात ठासायचं. दाबयंत्राखाली आकडा चांगला येतो. चोवीस तास पाण्यात ठेवूनही वजन जेमतेम वाढतं. मातीच्या साध्या विटेला भारतीय मानक २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषायची मुभा देतं. मुलं हरखतात. त्यांची तळमळ खरी आहे, म्हणूनच मला स्पष्ट बोलावंसं वाटतं. ही वीट राहत्या घराच्या भिंतीत जाता कामा नये.

दाबाच्या आकड्यात तिचं निम्मंही चरित्र कळत नाही. मातीची वीट तडकते. प्लास्टिकची दबत जाते, आणि वर वर्षानुवर्षं भार राहिला की हळूहळू आकार सोडते. ती पाणी शोषत नाही म्हणून गिलावाही धरत नाही. मातीची वीट मसाल्यातलं पाणी ओढते आणि त्याला धरते; गवंड्याला विचारा, कोरड्या विटेवर तो आधी पाणी का मारतो ते. आणि आग? कॅरीबॅगचं पॉलिथिन सव्वाशे अंशांच्या आतबाहेर वितळतं. घराला लागलेली आग कित्येक शे अंशांवर जाते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ साली आग लागली, तेव्हा बाहेरून लावलेल्या पत्र्यांच्या पोटात पॉलिथिनच होतं. ज्वाळा इमारतभर चढत गेल्या आणि ७२ माणसं गेली. तो पत्रा आणि आपली वीट एक नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण जो पदार्थ जळतो, तो माणसं झोपतात त्या भिंतीत घालताना पुरावा मागायलाच हवा.

आयव्हरी कोस्टमध्ये युनिसेफने कोलंबियाच्या ‘कॉन्सेप्टोस प्लास्टिकोस’ कंपनीबरोबर प्लास्टिकच्या विटांच्या वर्गखोल्या उभ्या केल्या. मुलं त्यांत शिकत आहेत आणि ते काम मला मोलाचं वाटतं. पण त्या विटा कारखान्यात घडतात, आणि त्या आगीला दाद देत नाहीत असं युनिसेफ सांगतं. अंगणात चूल पेटवून डब्यात ढवळलेल्या विटेला तो दाखला लावता येणार नाही. तिथे एखादा पीव्हीसीचा तुकडा शिरला तरी हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, आणि ती ढवळणाऱ्याच्या छातीत जाते. आमच्याकडे आता उघड्यावर वितळवायला मी परवानगी देत नाही.

नैरोबीत न्झाम्बी माटी यांनी ‘गेंगे मेकर्स’मध्ये वाळू आणि प्लास्टिक दाबून पेव्हर ब्लॉक काढले, २०२० साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांचा गौरव केला. मला ही जागा पटते: पायवाट, बागेतला रस्ता, वाहनतळाचा कोपरा. उन्हाने आणि घर्षणाने या ब्लॉकांचा बारीक चुरा सुटतो का, हे मात्र वर्षभर उन्हात ठेवून तपासलं पाहिजे. मदुराईच्या आर. वासुदेवन यांनी तापलेल्या खडीवर प्लास्टिकचा लेप देऊन डांबरी रस्ते करायची रीत दाखवली, तीही आपल्या हाताशी आहेच.

काचेबद्दल मात्र मला खूप बोलायचं आहे, कारण तिच्याकडे कुणी बघतच नाही. काच जळत नाही, कुजत नाही. मातीच्या विटेत तिची पूड मिसळली की भट्टीत ती आधी मऊ होते आणि मातीचे कण एकमेकांना धरतात. वीट ९०० ते १००० अंशांवर भाजतात. काचेची पूड असली तर तेवढाच घट्टपणा कमी आचेवर येऊ शकतो. म्हणजे कोळसा वाचतो आणि थोडी मातीही. कृष्णाकाठची सुपीक गाळमाती आपण भट्ट्यांत घालतो, तिथे हे मला फार मोठं वाटतं.

सिमेंटच्या ब्लॉकमध्ये मात्र सांभाळावं लागतं. जाडसर दळलेल्या काचेतली सिलिका सिमेंटमधल्या अल्कलीशी भिडते, त्यातून होणारा चिकट पदार्थ पाणी पिऊन फुगतो आणि ब्लॉकला भेगा पडतात. हे पहिल्या महिन्यात दिसत नाही, म्हणून अठ्ठावीस दिवसांच्या चाचणीवर विसंबू नये. हीच काच ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जाईल इतकी बारीक दळली, तर उलट ती सिमेंटला साथ देते. म्हणजे सगळी मेहनत दळणात आहे.

अख्ख्या बाटलीला भंगारात भाव आहे. तिला वीट करू नये, ती पुन्हा भरावी किंवा वितळवून नवी बाटली करावी. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचंही तेच. तिचा धागा होतो आणि त्यावर कचरा वेचणाऱ्यांची घरं चालतात. विटेसाठी फुटकी, रंगीत, मिसळलेली काच घ्यावी. वेचणाऱ्या बाई ती टाळतात, कारण वजन जास्त, भाव नगण्य आणि हात कापतो. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हापासून या बायकांच्या कामाला ओळख मिळत गेली. फुटक्या काचेला अजून मिळालेली नाही.

महापालिकांनी पुढच्या पदपथाच्या निविदेत काचेच्या पुडीचे ब्लॉक मागावेत. त्यांना सहा महिन्यांची फुगवट्याची चाचणी लावावी. प्लास्टिक ब्लॉकला जळण्याची आणि झिजेची चाचणी सक्तीची करावी. काच दळायची गिरणी शहरात एकच असली तरी चालेल, पण तिथे काच आणणाऱ्या बाईला किलोमागे ठरलेला भाव, जाड हातमोजे आणि तिच्यासमोर वजन करणारा काटा हवा. हा खर्च ब्लॉकच्या दरात धरावा.