गुहेच्या तोंडाशी

नाताळच्या सुट्टीत आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे थायलंडला जाऊन येतात. बँकॉकचे बाजार, फुकेतचा समुद्र आणि नातेवाइकांसाठी भेटवस्तू, एवढ्यात आठ दिवस संपतात. आम्हीही गेल्या वर्षी फुकेतलाच उतरलो; परंतु कन्येच्या हट्टाखातर तेथून मोटारीने सुमारे तीन तासांच्या अंतरावरील खाओ सोक नावाच्या अरण्याकडे वळलो. सौभाग्यवती, मी, कन्या आणि माझा भाचा असे आम्ही चौघे होतो.

हे अरण्य सुरत थानी प्रांतात आहे. हे नाव ऐकून आपले कान टवकारतील. १९१५ साली राजे वजिरावुध यांनी प्रांताच्या मुख्य नगराला हे नाव दिले आणि तेथील नदीचे नाव आपल्या सुरतेच्या नदीवरून ‘तापी’ असे ठेवले. खाओ सोकच्या डोंगरांतले पाणी शेवटी ह्याच तापीला मिळते. खानदेशात आजोळ असलेल्या सौभाग्यवतींना ह्याचे कोण कौतुक वाटले!

राष्ट्रीय उद्यान म्हणून १९८० मध्ये घोषित झालेला हा प्रदेश ७३९ चौरस किलोमीटरांचा आहे. चुनखडीचे उभे कडे, त्यांच्या पायथ्याशी बांबूची बेटे आणि वर उंचच उंच वृक्ष. पहिल्या दिवशी आम्ही उद्यानाच्या कचेरीपासून सोक नदीच्या काठाने तोन क्लोई धबधब्यापर्यंत चाललो. जाताना सात किलोमीटर, येताना तेवढेच. वाट दमट होती आणि ओढ्याच्या काठी जळवा होत्या. भाच्याच्या पोटरीला एक चिकटली, तेव्हा वाटाड्याने मीठ किंवा तंबाखू न वापरता नख हळूच तिच्या तोंडाखाली सरकवून तिला अलगद सोडवले आणि पानावर ठेवले. शिदोरीत खाकरे, दशम्या आणि मुगाची उसळ होती. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे म्हणून आम्ही पाऊल उचलून परतलो.

दुसऱ्या दिवशी चिआओ लान जलाशयावर गेलो. पाण्यातून वर आलेल्या डोंगरांचे सौंदर्य अवर्णनीय आहे. मात्र हा जलाशय निसर्गनिर्मित नव्हे. १९८७ मध्ये पूर्ण झालेल्या ९४ मीटर उंचीच्या रत्चप्रफा धरणाने तो निर्माण झाला. नौकेतून जाताना पाण्याबाहेर डोकावणारे जुन्या वृक्षांचे शुष्क बुंधे दिसतात. पाणी चढू लागले तेव्हा डोंगरमाथ्यांची बेटे झाली आणि त्यांवर असंख्य प्राणी अडकले. वनाधिकारी सुएब नाखासाथियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नावेतून हिंडून तेराशेहून अधिक जीवांना बाहेर काढले. तरीही कितीतरी मेले. आणि सोडवलेल्यांनाही पूर्वीचे घर उरले नव्हते. बुडत्याला वाचवण्यापेक्षा बुडवणेच टाळले पाहिजे, हा धडा सुएब यांनी त्यातून घेतला आणि पुढे पश्चिम थायलंडमधील नाम चोन धरणास ठाम विरोध केला. ती योजना १९८८ मध्ये स्थगित झाली. जीवदयेची परंपरा सांगणाऱ्या आपल्या घरांत हे नाव ठाऊक असावे, म्हणून येथे सांगितले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. जलाशयाच्या पलीकडे, अरण्यातून बरेच चालल्यावर नाम तालू नावाची गुहा लागते. नाम म्हणजे पाणी, तालू म्हणजे आरपार जाणारे. डोंगराच्या एका बाजूने शिरलेला ओढा दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो आणि माणसाने त्याच्यासोबत अंधारातून चालायचे. पाणी कोठे घोट्याएवढे, तर कोठे पोहावे लागेल एवढे. ह्या गुहेसाठीच कन्येने सारा बेत आखला होता. नौका, वाटाडे, शिरस्त्राणे, दिवे ह्यांचे पैसे आम्ही आगाऊ भरले होते, आणि ते थोडे नव्हते.

गुहेच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा आमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन होते. वाटाड्या मात्र पाण्याकडे बराच वेळ पाहत राहिला. प्रवाहातून सुकी पाने वाहत येऊ लागली होती आणि पाणी किंचित गढूळ झाले होते. दूरच्या कड्यावर ढग उतरला होता. तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, “आज आत जायचे नाही.”

मला राग आला, हे कबूल करतो. मी त्याला भरलेल्या पैशांची आठवण करून दिली. “निदान अर्ध्यापर्यंत तरी चला,” असेही म्हणालो. तो नम्रपणे एवढेच म्हणाला, “साहेब, मी उद्याही येथेच येणार आहे. पाणी वर पडते, कळते खाली.”

त्याच्या बोलण्याचा अर्थ मला परतीच्या वाटेवर उमगला. पावसाचे पाणी जमिनीतील कर्बवायू शोषून सौम्य आम्ल होते आणि चुनखडी हळूहळू विरघळवते. गुहा अशीच घडते. डोंगरभर पसरलेल्या भेगांतून उतरलेले पाणी शेवटी एकाच अरुंद मार्गात येते. म्हणून मैलभर दूर कोसळलेली सर येथे उन्हात उभ्या माणसाला दिसत नाही, आणि लोंढा येतो तेव्हा वर चढायला जागा नसते. ऑक्टोबर २००७ मध्ये ह्याच गुहेत अशा लोंढ्याने पर्यटकांचे आणि वाटाड्यांचे प्राण घेतले. २०१८ मध्ये उत्तर थायलंडमधील थाम लुआंग गुहेत बारा मुले व त्यांचा प्रशिक्षक अडकले, हे आपण सर्वांनी वाचले आहे. अठराव्या दिवसापर्यंत ते सर्व सुखरूप बाहेर आले. परंतु त्यांच्यासाठी हवेच्या नळकांड्या आत पोहोचवून परतताना समान कुनान हे नौदलाचे माजी सैनिक मृत्युमुखी पडले. पावसाळ्यात नाम तालू बंदच ठेवतात. वर्षाकाळी साधुसाध्वी विहार थांबवून एके ठिकाणी राहतात, त्याची मला आठवण झाली. कोठे थांबावे हेही वाटेचेच ज्ञान आहे.

रात्री तरंगत्या निवासात मी गप्प होतो. त्या दिवशी पूर आला नाही. थोडी सर पडली आणि आकाश मोकळे झाले. भाचा म्हणाला, “मामा, गेलो असतो तर काही झाले नसते.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मला माझ्या वडिलांचे पेढीवरचे बोलणे आठवले. बुडीत खात्यामागे नवे भांडवल लावू नये, असे ते नेहमी सांगत. गुहेचे पैसे सकाळीच खर्च झाले होते. आत गेल्याने ते परत येणार नव्हते. वर जे लावायचे होते, ते चार जिवांचे भांडवल होते. माल न घेतलेल्या वर्षी भाव पडला नाही, म्हणून सावधपणा चुकला असे कोणी जाणता व्यापारी म्हणत नाही.

कन्या ह्या संभाषणात नव्हती. नंतर ती हळूच म्हणाली, “बाबा, तुम्ही त्यांच्याशी वाद घालत होता तेव्हा मला गुहेची नाही, तुमचीच भीती वाटली.” हे वाक्य मला अजून जड जाते. ज्याच्या भरवशावर ती अंधारात शिरणार होती, तोच पैशांचा हिशेब मांडत होता.

दुसऱ्या दिवशी निघताना मी वाटाड्याचे दोन्ही हात धरून क्षमा मागितली. तो हसला.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. तेथील सर्वांत कोरडे महिने जानेवारी ते एप्रिल. शक्य तर तेव्हाच जावे. आणि घरातून निघण्यापूर्वीच सर्वांनी मिळून ठरवावे की वाटाड्या ‘नको’ म्हणाला, तर त्याला कारण विचारावे, पण पैशांची आठवण करून देऊ नये.