बँकेचा सर्व्हर बंद पडला, तर तुमच्या पैशांचं काय? बुलढाण्यासाठी हा प्रश्न महत्त्वाचा का आहे?

३१ जुलै २०२४ ला देशातल्या जवळपास ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अचानक बंद पडले. यातल्या बहुतेक सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. त्यांच्या खात्यात पैसे होते, शाखा उघड्या होत्या, कर्मचारीही हजर होते. बंद पडली होती ती या बँकांना तंत्रज्ञान पुरवणारी सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी.

कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला होता. यात हल्लेखोर संगणकातली माहिती कुलूपबंद करतात आणि किल्लीसाठी खंडणी मागतात. हल्ला पसरू नये म्हणून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने सी-एजची जोडणीच तोडली. १ ऑगस्टला ती पूर्ववत झाली. क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणानुसार, हल्लेखोर शिरले ते सी-एजशी जोडलेल्या दुसऱ्याच एका कंपनीच्या सर्व्हरमधून.

या बँकांचा देशाच्या एकूण व्यवहारांतला वाटा तेव्हा अर्धा टक्क्याच्या आसपास सांगितला गेला. दिल्ली-मुंबईतून पाहिलं तर हा आकडा किरकोळ आहे. पण ज्या गावात तीच एक बँक आहे, तिथे तो शंभर टक्के असतो.

बुलढाण्याने काय पाहिलं आहे?

बँक अडकली की काय होतं, हे बुलढाण्याला नव्याने सांगायला नको. मे २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बुलढाणा, वर्धा आणि नागपूर या तीन जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना परवाना नाकारला आणि नव्या ठेवी घेण्यास मनाई केली. कारण संगणकाचं नव्हतं, आर्थिक होतं. जोखमीच्या तुलनेत किमान ४ टक्के भांडवल हवं होतं, ते या बँकांकडे नव्हतं.

पण वेळ कोणती होती? खरीप तोंडावर होता. शेतकऱ्याला पीक कर्ज गावच्या सेवा सहकारी सोसायटीतून मिळतं आणि सोसायटीला पैसा जिल्हा बँकेकडून येतो. मधली कडी निखळली की दोन्ही टोकं लोंबकळतात.

केंद्र सरकारने देशातल्या अशा २३ बँकांसाठी २,३७५ कोटी रुपयांची पुनरुज्जीवन योजना मंजूर केली, ती नोव्हेंबर २०१४ मध्ये. म्हणजे अडीच वर्षांनी. पुढे बुलढाण्याच्या बँकेला परवानाही मिळाला. पण मधल्या काळात शेतकऱ्यांनी कुठे जायचं, याची तयारी आधीपासून कुणाकडेच नव्हती. या तयारीलाच 'बिझनेस कंटिन्युइटी प्लॅन' म्हणतात. संकट आलं तरी काम चालू कसं ठेवायचं, याचा आधीच ठरवलेला आराखडा.

मग 'डिझास्टर रिकव्हरी' म्हणजे काय?

तो याच आराखड्याचा तांत्रिक भाग. बंद पडलेली यंत्रणा आणि हरवलेला डेटा परत कसा आणायचा, हे त्यात ठरतं. त्यात दोन प्रश्न मुख्य असतात.

पहिला, यंत्रणा किती वेळात परत सुरू झाली पाहिजे? याला आरटीओ म्हणतात. हा गाडीच्या पासिंगचा आरटीओ नव्हे, 'रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह'. दुसरा, किती वेळच्या नोंदी गेल्या तर चालतील? याला आरपीओ म्हणतात. समजा, बँक रोज रात्री बॅकअप घेते आणि सर्व्हर दुपारी चारला जळाला. तर सकाळपासूनचे सगळे भरणे आणि उचल गायब. तुम्ही दुपारी एकला भरलेला हप्ता सिद्ध करायला हातात फक्त पावती उरेल.

बॅकअप कुठे ठेवला आहे, यालाही तितकंच महत्त्व आहे. २२ जुलै २०२३ ला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टी होऊन पूर आला होता. अशा ठिकाणी सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअपची हार्ड डिस्क शेजारच्या कपाटात असेल, तर पाणी दोन्हीकडे शिरणार. म्हणून साधा नियम सांगितला जातो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या गावात. ही शेवटची प्रत नेटवर्कपासून तोडलेली असेल तर उत्तम, कारण रॅन्समवेअर जोडलेला बॅकअपही कुलूपबंद करू शकतं.

आताच ही चर्चा का?

कारण गावपातळीवरची वहीखाती संगणकावर जात आहेत. जून २०२२ मध्ये केंद्राने देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपये मंजूर केले. त्यांना एकाच सामायिक सॉफ्टवेअरवर आणलं जात आहे. हिशेब पारदर्शक होतील, हा फायदा मोठाच आहे. पण पूर्वी एका सोसायटीचं दप्तर भिजलं तर एकाच गावाचं नुकसान व्हायचं. सामायिक यंत्रणा बंद पडली, तर हजारो गावं एकदम थांबू शकतात.

नियमांतही फरक आहे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या मार्गदर्शक टिपणात सहकारी बँकांचाही समावेश आहे आणि बाहेरच्या पुरवठादारांमुळे येणाऱ्या जोखमीवर त्यात भर आहे. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या निबंधकांच्या देखरेखीखाली येतात. बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना असलेलं विमा महामंडळाचं कवचही पतसंस्थेतल्या ठेवींना नाही. बुलढाण्यात पतसंस्थांचं जाळं मोठं आहे. बुलडाणा अर्बन या देशातल्या मोठ्या पतसंस्थेचं मुख्यालयही इथेच आहे. त्यामुळे हा फरक इथल्या ठेवीदाराने लक्षात ठेवायला हवा.

तुम्ही काय करू शकता?

सहकारी संस्थेत तुम्ही सभासद असाल, तर वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारू शकता. ही सभा साधारणपणे ३० सप्टेंबरपर्यंत होते. लाभांशाच्या चर्चेनंतर हे चार प्रश्न विचारून बघा:

- आपला डेटा कुठे आहे आणि दुसरी प्रत कोणत्या गावात आहे?
- सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी बंद पडली, तर दुसऱ्या दिवशी काम कसं चालेल?
- यंत्रणा बंद असताना कागदावर व्यवहार करायची पद्धत लिहून ठेवली आहे का?
- बॅकअपमधून डेटा परत आणून पाहण्याची चाचणी शेवटची कधी घेतली?

यातला चौथा सगळ्यात महत्त्वाचा. बॅकअप घेतोच, असं उत्तर जवळपास सगळीकडे मिळेल. तो परत उघडून पाहिला का, याचं उत्तर तारखेसह मागा. तारीख सांगता आली नाही, तर ती सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यायला सांगा, म्हणजे पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा विचारता येईल.