दिग्दर्शकसाहेब, ‘काय’ नको, ‘का’ ते सांगा!

व्हायव्हाला बसलेल्या प्रत्येकाला दोन प्रकारचे एक्स्टर्नल भेटलेले असतात. एक विचारतो, “सर्किटमध्ये काय काय लावलंय?” दुसरा विचारतो, “इथे हाच रेझिस्टर का लावला?” पहिल्याचं उत्तर रात्री जर्नल पाठ करून देता येतं. दुसऱ्याचं उत्तर फक्त ज्यानं ते सर्किट स्वतः जोडलं, जाळलं आणि पुन्हा जोडलं त्यालाच देता येतं. माझं म्हणणं असं, की सिनेमाच्या डीव्हीडीवर जी डायरेक्टरची कॉमेंट्री असते, तिची परीक्षासुद्धा याच दुसऱ्या प्रश्नावर घ्यावी. आणि ही परीक्षा घेता घेता आपण मराठीवाल्यांनी स्वतःलाही एक प्रश्न विचारावा. तो शेवटाकडे सांगते.

ज्यांनी ही चीज ऐकलीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डीव्हीडीच्या मेन्यूत भाषा निवडायची जागा असते. तिथे कधीकधी ‘कॉमेंट्री’ असाही एक पर्याय असतो. तो लावला की सिनेमा तोच चालतो, पण डायलॉग मागे जातात आणि ज्यानं सिनेमा केला तो माणूस अख्खे दोन-अडीच तास आपल्या शेजारी बसून बोलल्यासारखा बोलतो. आमच्या मौद्याला माझ्या मामाचं सीडी भाड्यानं देण्याचं दुकान होतं. दुकान बंद होऊन जमाना झाला, पण हौसेनं घेतलेल्या ओरिजिनल डिस्कचं एक खोकं मामानं जपून ठेवलं. ते खोकं आणि डीव्हीडी ड्राइव्ह असलेला एक म्हातारा डेस्कटॉप, एवढ्या भांडवलावर माझा हा अभ्यास चालतो. आजी म्हणते, “पोट्टी सिनेमा लावते अन् त्यातल्या लोकायले बोलूच देत नाही!”

ही भानगड सुरू झाली १९८४ मध्ये. क्रायटेरियन कंपनीनं १९३३ चा ‘किंग काँग’ लेझरडिस्कवर काढला. लेझरडिस्कवर आवाजासाठी दोन ॲनालॉग चॅनेल, आणि सिनेमा मोनो. म्हणजे एक चॅनेल रिकामा! त्यावर लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयात सिनेमा विभाग सांभाळणारे रोनाल्ड हेव्हर पूर्ण सिनेमाभर बोलले. पुढे डीव्हीडी आली आणि तिच्यात तर आठपर्यंत ऑडिओ ट्रॅकची सोय झाली.

आता जरा आपल्या पद्धतीनं गणित करू. कॉमेंट्रीचा साधा स्टिरिओ ट्रॅक १९२ केबीपीएसचा धरा. अडीच तास म्हणजे ९००० सेकंद. गुणाकार करा, आठनं भागा. उत्तर येतं २१६ एमबी. ४.७ जीबीच्या डिस्कवर पाच टक्क्यांपेक्षाही कमी जागा. खर्च काय? एक माइक, एक शांत खोली आणि दिग्दर्शकाची एक दुपार. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आधी वाईट कॉमेंट्र्या. ‘टोटल रिकॉल’ हा १९९० चा सिनेमा. दिग्दर्शक पॉल व्हरहोवन आणि हिरो अर्नोल्ड श्वार्झनेगर एकत्र बोललेत. अर्नोल्डसाहेब बऱ्याच वेळा पडद्यावर जे चाललंय तेच आपल्याला सांगतात. हा आला, त्यानं मारलं, आता मी पळतोय. अरे बाबा, डोळे आम्हालाही आहेत! बाळ ज. पंडितांनी रेडिओवर मराठीतून क्रिकेटचं धावतं समालोचन केलं, तेव्हा ऐकणाऱ्याला मैदान दिसत नव्हतं. तिथे ‘काय’ सांगणं हीच कला होती. इथे मैदान समोर आहे. हसायला मात्र ही कॉमेंट्री फर्स्ट क्लास आहे, आणि म्हणूनच ती प्रसिद्ध आहे.

दुसरा वाईट प्रकार म्हणजे गॅदरिंगचं आभारप्रदर्शन. अमुक कलाकार फार गुणी, तमुक फार मनमिळाऊ, सेटवर सगळे एका कुटुंबासारखे. दोन तास हार-तुरे! आणि तिसरा प्रकार गप्प बसणाऱ्यांचा. दहा-दहा मिनिटं आवाज नाही, मग एकदम “हा सीन मला आवडतो.” का आवडतो? राम जाणे.

आता चांगल्या. माझा पहिला नंबर रॉबर्ट रॉड्रिगेझच्या ‘एल मारियाची’ला. १९९२ चा सिनेमा, खर्च सुमारे सात हजार डॉलर, त्यातले काही पैसे औषधांच्या चाचणीसाठी स्वतःचं शरीर देऊन मिळवलेले. कॅमेऱ्याबरोबर आवाज रेकॉर्ड होत नव्हता, म्हणून तो शॉट झाल्यावर वेगळा घ्यायचा. मग ओठ आणि आवाज जिथे जुळेनासे होतील तिथे कट मारून दुसरं काहीतरी दाखवायचं. ट्रॉली नाही, तर व्हीलचेअरवर बसून कॅमेरा फिरवायचा. बघताना जी फास्ट एडिटिंगची स्टाइल वाटते ती खरं तर एका अडचणीतून निघालेली वाट आहे, हे त्याच्याच तोंडून कळतं. आपल्या मिनी प्रोजेक्टमध्ये पार्ट मिळत नाही तेव्हा आपण जे करतो, तेच हे!

दुसरा नंबर ‘प्रायमर’ला, २००४ च्या. शेन कॅरुथ हा गणित शिकलेला, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी केलेला माणूस. त्यानं गॅरेजमध्ये मशीन बनवणाऱ्या इंजिनिअरांवर सिनेमा काढला. लिहिणं, दिग्दर्शन, अभिनय, संकलन, संगीत सगळं स्वतः. खर्च पुन्हा सात हजारांच्या आसपासच, आणि सनडान्स महोत्सवाचं सर्वोच्च बक्षीस. फिल्म महाग म्हणून टेक मोजून घेतलेले. सिनेमा दोनदा बघून डोक्यावरून जातो, पण कॉमेंट्री ऐकताना वाटतं, आपल्याच ब्रांचचा सीनियर बोलतोय.

तिसरी ‘द लाइमी’ची. दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग आणि लेखक लेम डॉब्स शेजारी बसून चक्क भांडतात. लेखक म्हणतो, माझ्या पटकथेतलं पात्रांचं पूर्वायुष्य तू उडवलंस. दिग्दर्शक आपली बाजू मांडतो. कोण बरोबर ते आपण ठरवायचं, कारण पुरावा समोर पडद्यावर चालूच असतो. आणि ‘सिटिझन केन’चे दिग्दर्शक ऑर्सन वेल्स १९८५ मध्येच गेले होते, म्हणून त्याच्या डीव्हीडीवर समीक्षक रॉजर एबर्ट बोलतात. खोलीचं छत दिसावं म्हणून मलमलीच्या कापडाचं छत ताणलं आणि आवाज त्यातून आरपार जातो म्हणून माइक त्याच्या वर लपवले, ही त्या सिनेमातली युक्ती कळली की तो शॉट पुन्हा पहिल्यासारखा बघताच येत नाही.

म्हणजे फरक कुठे आहे ते पाहा. आमच्या मौद्याचं औष्णिक वीज केंद्र २३२० मेगावॅटचं आहे, हे ‘काय’ झालं. ते पाटीवरही लिहिता येतं. पण आधीचे दोन युनिट ५०० चे आणि नंतरचे दोन ६६० चे का? कारण नंतरचे सुपरक्रिटिकल आहेत, वाफेचा दाब आणि तापमान वाढवलं की तेवढ्याच विजेला कोळसा कमी लागतो. हे ‘का’ झालं. शिक्षण या दुसऱ्या वाक्यात आहे. पहिलं नुसतं जनरल नॉलेज.

आता तो प्रश्न. वर जेवढी नावं घेतली, त्यात आपलं एक तरी आहे का? भारतीय माणसाची कॉमेंट्री म्हणून मीरा नायर यांची ‘मॉन्सून वेडिंग’वरची आहे, पण ती इंग्रजीत. मामाच्या खोक्यात मराठी डिस्कही भरपूर आहेत, पण एकीवरही कॉमेंट्री नाही. कारण समजतं. आपल्याकडे आधी व्हीसीडीचं राज्य होतं, तिच्यात सिनेमाच दोन-तीन डिस्कवर तोडून बसवायचा, जास्तीचा ट्रॅक कुठे ठेवणार? मग २००७ च्या सुमारास मोझर बेअरनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. घरोघरी सिनेमा पोचला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्या भावात बोनस कोण मागणार? तरी ते २१६ एमबी आठवा. जागा होती. मागणारे आपण नव्हतो.

गंमत म्हणजे ही परंपरा आपलीच आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, आणि १९१७ मध्ये ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपट. त्यात ते स्वतः काम करताना दिसतात. त्याच सुमारास ‘नवयुग’ मासिकात त्यांनी सिनेमाच्या धंद्यावर मराठीत लेख लिहिले. कॉमेंट्री, मेकिंग, बोनस फीचर असले शब्द जगात नव्हते तेव्हा या माणसानं आपली विद्या मराठीत उघडी करून ठेवली! आणि पुढे? प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये शेवटी तुकोबांना वैकुंठाला नेणारं विमान उडतं. ते कसं उडवलं, तो शॉट समोर ठेवून दामले-फत्तेलालांच्या आवाजात ऐकायला मी सेमिस्टरचा सगळा पॉकेटमनी दिला असता.

ते दोघे फार आधी गेले, त्यांचं सोडा. पण ‘डोंबिवली फास्ट’चे निशिकांत कामत २०२० मध्ये गेले. ‘देवराई’ आणि ‘कासव’च्या सुमित्रा भावे २०२१ मध्ये गेल्या. ‘कोर्ट’मध्ये लोकशाहिराचं काम करणारे आपल्या नागपूरचे वीरा साथीदारही त्याच एप्रिलमध्ये गेले. या तिघांच्या वेळी तर मोबाइलवरही रेकॉर्डिंग होत होतं. सिनेमे राहिले. त्यांतल्या शॉटा-शॉटामागचं ‘का’ त्यांच्याबरोबर गेलं.

कोणी म्हणेल, मुलाखती आहेत ना ढीगभर. आहेत. पण मुलाखतीत “कसं वाटलं?” विचारतात आणि “छान वाटलं” ऐकतात. कॉमेंट्रीत शॉट समोरून जात असतो, त्यामुळे विसरलेलं आठवतं आणि फेकाफेक करायला वाव कमी राहतो. कोणी म्हणेल, समजावून सांगितलं की मजा जाते. मग पहिल्यांदा लावू नका ना! कॉमेंट्री दुसऱ्या वेळेसाठी असते.

मला यात आणखी एक टोचतं. मी कॉन्व्हेंटची. घरी मराठी, शाळेत इंग्रजी. त्यामुळे जे जे तांत्रिक ते इंग्रजीत आणि जे जे भावनांचं ते मराठीत, अशी डोक्यात वाटणीच झालीये. लेन्स, लाइट, साउंड या गोष्टींवर कोणी रंगून मराठीत दोन तास बोलतंय, असं मी आजवर ऐकलेलंच नाही. मराठीला ते जमत नाही असं नाही. फाळक्यांना शंभर वर्षांपूर्वी जमलं होतं. आपण ऐकायला बसलो नाही, एवढंच.

डिस्कचे दिवस संपले, हे मान्य. मोझर बेअर २०१८ मध्ये लिक्विडेशनमध्ये गेली. नेटफ्लिक्सनं टपालानं डीव्हीडी पाठवणं २०२३ मध्ये थांबवलं. पण कॉमेंट्रीला डिस्क लागतेच कुठे? एकाच सिनेमाचे हिंदी, तामिळ, तेलुगू ट्रॅक ओटीटीवर आरामात चालतात, मग दिग्दर्शकाचा एक का नको? तेही नसेल तर नुसती ऑडिओ फाइल द्या, सिनेमाबरोबर एकदम प्ले दाबायचं काम आमचं. नागराज मंजुळेंनी ‘झुंड’ आपल्या नागपुरात, इथल्याच पोरांना घेऊन केला. त्या पोरांना कॅमेऱ्यासमोर मोकळं कसं केलं, हे एकेका शॉटवर त्यांनी सांगावं. परेश मोकाशींनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’वर बोलावं, चैतन्य ताम्हाणेंनी ‘कोर्ट’वर.

आणि त्यांची वाट बघत बसायचीही गरज नाही. आपल्या कॉलेजात दर वर्षी गॅदरिंगला दोन-चार शॉर्ट फिल्म होतात. यंदा प्रत्येक टीमनं आपल्या फिल्मवर एक मराठी कॉमेंट्री ट्रॅक करून द्यावा, अशी माझी मॅगझिन कमिटीला आणि फिल्म करणाऱ्यांना सूचना आहे. वऱ्हाडीत बोला, झाडीबोलीत बोला, मध्ये इंग्रजी शब्द आले तरी चालतील. अट एकच. जे दिसतंय ते सांगू नका. ते तसं का आहे, ते सांगा.