ताट विचारणारे घरमालक

गोत्री असो की वाघोडिया रोड, बडोद्याच्या या वाढत्या वस्त्यांत भाड्याचं घर बघायला गेलं की भाड्याचा आकडा नंतर येतो. आधी प्रश्न येतो, "वेज के नॉनवेज?" आडनाव ऐकून पुढचा, "मराठी? म्हणजे खाणारेच ना?" मग आपण घाईने सांगतो, "नाही हो, आम्ही जैन." घरमालकाचा चेहरा उजळतो, किल्ली हातात पडते आणि आपण गप्प बसतो. माझं भांडण या गप्प बसण्याशी आहे.

रिफायनरी, खत कारखाना, मकरपुऱ्यातले उद्योग यांच्यासाठी केरळ, बिहार, ओडिशातून माणसं इथे आली. शहर त्यांच्या हातांवर चालतं. दवाखान्यात आपल्या सासूबाईंना उठवून बसवणाऱ्या मल्याळी नर्सच्या डब्यात काय आहे, हे आपण कधी विचारतो? तीच बाई आपल्या सोसायटीत दोन खोल्या मागायला आली, की मात्र आपल्याला एकदम अहिंसा आठवते.

वर हे सगळं आपल्या नावावर खपवलं जातं. "आमच्या बायकांना वास सहन होत नाही." आपल्याला विचारलं कोणी? कमिटीत आपल्यातल्या बसतात किती?

वासाचा त्रास खोटा नाही. मग नियम करा की! जिन्यात कचरा ठेवायचा नाही, ओला कचरा रोज खाली न्यायचा, आणि हा नियम सगळ्या घरांना सारखा. पण दुसऱ्याच्या बंद दारामागच्या चुलीवर काय शिजतं, हे ठरवायचा अधिकार आपल्याला कोणत्या शास्त्राने दिला?

शास्त्राने तर उलटंच सांगितलं आहे. अणुव्रत ज्याचं त्याने घ्यायचं असतं, शेजाऱ्यावर लादायचं नसतं. पाठशाळेत आपण अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठ केले : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आपल्यावर अवलंबून असलेल्या जीवाचं अन्नपाणी अडवणं हासुद्धा दोष आहे. शास्त्राचा रोख जनावरं आणि नोकरचाकर यांच्यावर असेल. पण घर देण्या-न देण्याची सत्ता हातात घेऊन दुसऱ्याचं ताट तपासणारा या दोषापासून फार लांब आहे, असं मला वाटत नाही. आणि समोरच्याला हलका समजणं, ही भावहिंसा नाही तर काय?

याच शहरात 1917 साली डॉ. आंबेडकर नोकरीसाठी आले. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर परदेशात शिकलेला माणूस, पण राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत ओळख लपवून राहावं लागलं, आणि ती उघड होताच काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. आज उघडपणे जात विचारायची लाज वाटते, म्हणून ताट विचारतात. ताटावरून जात आणि धर्म दोन्ही ताडता येतात, हे विचारणारा पक्कं जाणून असतो.

बायांनो, आपलं स्वयंपाकघर जसं आहे तसंच राहू द्या. कंदमूळ नको तर नको, रात्रीभोजन नको तर नको. पण सोसायटीच्या पुढच्या सभेत नवऱ्याच्या मागे बसून राहू नका. उभ्या राहा आणि सांगा, की भाडेकरूची वागणूक बघा, करारनामा बघा, ताट बघू नका. दशलक्षणानंतर क्षमावाणीला आपण यच्चयावत जीवांची क्षमा मागतो. त्या जीवांत भाड्याचं घर शोधत फिरणारी माणसंही येतात.