पाटी वाचून चढणारे

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम विकायला ठेवायचा तर शंभर डॉलर भरावे लागतात; ते बहुतेक जण वेळेत भरतात. कव्हर मात्र शेवटच्या आठवड्यात आठवतं. दोन-तीन वर्षं रात्री जागून केलेल्या गेमचं तोंड कसं असावं, याचा विचार दुकानात पान लावायच्या तोंडावर, तोही चहा पिता पिता होतो. मी स्वतः छोटे गेम करतो, त्यामुळे या चर्चांना बसावंच लागतं. तिथे तीन मतं हमखास ऐकू येतात आणि तिन्ही इतक्या ठामपणे मांडली जातात, की एकदा त्यांचा समाचार घ्यावा असं बरेच दिवस मनात होतं.

पहिलं मत सज्जनांचं. गेम चांगला असला की लोक शोधत येतात. कव्हरबिव्हर हा बाजारूपणा. या मंडळींच्या तोंडी हल्ली ‘बलाट्रो’चं नाव असतं. कॅनडातल्या एकाच माणसाने लोकलथंक या टोपणनावाने केलेला हा पत्त्यांचा गेम फेब्रुवारी 2024 मध्ये आला आणि पुढच्या जानेवारीपर्यंत त्याच्या पन्नास लाख प्रती खपल्या. डामडौल नाही, थ्रीडी नाही. बघा, गुण लपत नाहीत! मला वाटतं, यांनी बलाट्रोचं कव्हर नीट पाहिलेलंच नाही. त्यावर विदूषक आहे आणि लाल-निळ्या रंगांची भोवळ आहे. गेम सुरू केल्यावर पहिल्याच पडद्यावर गरगरते ती हीच भोवळ. पत्त्यांचा डाव आहे, पण यात काहीतरी बिघडलेलं आहे, एवढंच ते चित्र सांगतं. आणि खेळही तेवढाच आहे: पोकरचे नियम जोकर लावलावून वाकवत न्यायचे. कव्हरविरुद्ध म्हणून उभा केलेला साक्षीदार उलटतपासणीत कव्हरच्या बाजूने बोलतो तो असा.

शिवाय हिशेब बघा. 2024 या एका वर्षात स्टीमवर अठरा हजारांहून जास्त गेम आले, म्हणजे दिवसाला पन्नासच्या आसपास. एकाने दुसऱ्याला सांगितल्याने गेम खपतात हे खरं, पण त्यासाठी आधी कुणीतरी पहिलं तोंड उघडावं लागतं. ते तोंड उघडणारा माणूस बहुधा यादीतलं चित्र बघूनच आत आलेला असतो.

दुसरं मत हुशारांचं आणि ते जास्त धोकादायक, कारण त्यांच्याकडे आकडे असतात. एक मोठा चेहरा, शक्यतो ओरडणारा, केशरी आणि निळा असे विरोधी रंग, मागे स्फोट. ‘क्लिक वाढतात.’ वाढत असतील. पण क्लिक म्हणजे विक्री नाही आणि स्टीमवर विक्रीसुद्धा शेवटची नसते. खरेदीला चौदा दिवस झाले नसतील आणि खेळून दोन तास झाले नसतील, तर गिऱ्हाईक पैसे परत मागू शकतं.

मला इथे एसटीची पाटी आठवते. पाटीचं काम गाडी भरणं नाही. पंढरपूरला जाणाऱ्यांना पंढरपूरच्या गाडीत बसवणं आणि बाकीच्यांना लांबूनच थांबवणं, हे तिचं काम. गर्दी खेचायला तिच्यावर ‘मुंबई’ लिहिलंत तर गाडी भरेलही, पण पहिल्या फाट्यापर्यंत भांडणं सुरू होतील. स्टीमचा तो फाटा दोन तासांवर आहे. तिथे उतरणारा गुपचूप उतरत नाही. जाताना पानावर चार कडू ओळी लिहून जातो आणि त्या पुढच्या प्रत्येकाला दिसतात. चुकीचा माणूस आत न येणं हीसुद्धा कव्हरची कमाई आहे. ती क्लिकच्या आकड्यात दिसत नाही, म्हणून हुशारांच्या हिशेबात येत नाही.

खोट्या पाटीचा जुना नमुना हवा असेल तर 1987 सालच्या ‘मेगा मॅन’चं अमेरिकेतलं खोकं बघा. खेळातला नायक म्हणजे पोरगेला यंत्रमानव, त्याचा हातच तोफ. खोक्यावर मात्र हातात पिस्तूल धरून अवघडून उभा राहिलेला थोराड गडी. मालिका त्याने बुडाली नाही, हे मान्य. पण त्या चित्राची चेष्टा इतकी वर्षं चालली, की 2012 मध्ये ही मालिका काढणाऱ्या कॅपकॉमनेच ‘स्ट्रीट फायटर एक्स टेकन’मध्ये त्या खोक्यावरच्या माणसालाच पात्र म्हणून उतरवलं. एवढी विनोदबुद्धी परवडायला कंपनी मोठी लागते.

तिसरं मत शुद्धतावाद्यांचं. पडद्यावर जे दिसतं तेच कव्हरवर हवं. पिक्सेलच्या गेमला रंगवलेलं कव्हर म्हणजे फसवणूक. आत्ताच खोट्या पाटीवर तोंडसुख घेतल्यामुळे मी यांच्या बाजूचा वाटेन, पण नाही. अटारीच्या काळात 1980 मध्ये वॉरन रॉबिनेटचा ‘ॲडव्हेंचर’ आला. त्यातला नायक म्हणजे एक चौकोन. शब्दशः एक ठिपका. ड्रॅगन बदकासारखे दिसायचे. खोक्यावर मात्र खरेखुरे रंगवलेले ड्रॅगन होते. पण त्या चित्राने पडद्याचा नव्हे, खेळाचा शब्द दिला होता: भूलभुलैया आहे, ड्रॅगन मागे लागणार आहेत, पळायचं आहे. ते सगळं आत होतं. चौकोनाला चेहरा देण्याचं काम चित्राने केलं आणि उरलेलं पोराने.

2018 चा ‘सेलेस्ट’ घ्या. खेळ पिक्सेलचा, कव्हरवरची लाल केसांची मॅडलीन हाताने रंगवलेली. पण खेळताना संवाद आला की मॅडलीनचा असाच रंगवलेला चेहरा समोर येतो. राग, धाप, भीती सगळं त्यावर दिसतं. कव्हरवरची मॅडलीन परकी वाटत नाही ती त्यामुळे. शैली वेगळी असणं ही लबाडी नाही. खेळ वेगळा असणं ही लबाडी.

आता माझी बाजू. कव्हर काढायला बसण्याआधी एक क्रियापद शोधा. खेळणारा या गेममध्ये दिवसभर काय करतो? चढतो, लपतो, पेरतो, जुळवतो, पळतो? कथेचा सारांश नको, जगाचा नकाशा नको, सात पात्रांचा ग्रुप फोटो तर नकोच. क्रियापद दिसलं पाहिजे.

आणि ते कुठे दिसायचंय हे आधी पाहा. कव्हर आपण सत्तावीस इंची मॉनिटरवर काढतो. स्टीमच्या छोट्या कॅप्सूलसाठी, म्हणजे यादीत दिसणाऱ्या छोट्या चित्रासाठी, 462 बाय 174 पिक्सेलची फाइल द्यायची असते आणि काही ठिकाणी ती आक्रसून 120 बाय 45 होते. म्हणजे 5,400 ठिपके. साध्या फुल एचडी पडद्याचा 384 वा भाग. अंगठ्याच्या पेरावर मावेल एवढ्या जागेत नायकाच्या डोळ्यांतला कारुण्यभाव दिसत नाही. तिथे दिसतं फक्त नाव, म्हणून स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह कंपनीही तिथे नावाच्या अक्षरांनीच जागा व्यापायला सांगते. उरलेल्या जागेवर पुरस्कारांची पदकं, ‘दहापैकी नऊ’ अशी शेखी लोक चिकटवायचे. 1 सप्टेंबर 2022 पासून तेही बंद झालं. आता चित्र, गेमचं नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच चालतं. कुरकुर बरीच झाली. मला हा नियम आवडतो. पाटीवर ड्रायव्हरची प्रशस्तिपत्रकं कशाला?

तेव्हा नाव हाच कव्हरचा अर्धा भाग. सायॉनिक्स या स्टुडिओने 2008 मध्ये गाड्यांच्या फुटबॉलचा गेम काढला, त्याचं नाव ‘सुपरसॉनिक ॲक्रोबॅटिक रॉकेट-पॉवर्ड बॅटल-कार्स’. फारसा चालला नाही. त्याच कल्पनेचा पुढचा अवतार 2015 मध्ये ‘रॉकेट लीग’ म्हणून आला आणि जगभर खेळला गेला. सगळं श्रेय नावाला देणार नाही. प्लेस्टेशन प्लसच्या सभासदांना तो सुरुवातीला फुकट मिळाला, हेही मोठं कारण. पण पहिलं नाव 120 पिक्सेलांत बसवून बघाच.

आपल्याकडे यात आणखी एक पेच आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या 2020 मधल्या ‘राजी’चं नाव रोमनमध्ये चारच अक्षरांचं, उपशीर्षक बारीक झालं तरी बिघडत नाही. पण उद्या कुणाला नाव देवनागरीत लावायचं असेल तर? रोमन कॅपिटल अक्षरं एका पट्टीत बसतात. देवनागरी तीन मजली: वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार. 45 पिक्सेलांच्या उंचीत मधल्या मजल्याला जेमतेम निम्मी उरते आणि शिरोरेषा जाड केली की अक्षरांचं पोट बुजतं. उपाय अक्षरं ताणणं हा नाही. नावच असं निवडावं की वरचा आणि खालचा मजला रिकामा राहील.

एआयकडून कव्हर करून घेणाऱ्यांबद्दल दोनच वाक्यं. जानेवारी 2024 पासून एआय वापरल्याचं स्टीमला सांगावं लागतं, हा भाग सोडा. ते यंत्र आजवरच्या कव्हरांची सरासरी काढून देतं, म्हणजे हुशारांचं सूत्रच फुकटात.

हे सगळं मला पहिल्यापासून कळत होतं असं नाही. माझ्या पहिल्या गेममध्ये खेळणारा रेल्वेचा पॉइंट्समन असतो: खटका ओढायचा, सांधा बदलायचा, गाड्यांची टक्कर टाळायची. पण गोष्ट त्याच्या वारलेल्या वडिलांची होती आणि मी गोष्टीच्या प्रेमात. म्हणून कव्हरवर पावसात भिजलेला उदास चेहरा. रडायला आलेल्या लोकांना मी वेळापत्रकं सोडवायला बसवलं आणि त्यांनी ते पानावर स्पष्ट शब्दांत नोंदवलं. आठ महिन्यांनी चेहरा काढला. आता तिथे एक लाल खटका आहे, दोन रूळ आहेत आणि दोन्हीकडून येणारे दिवे. ‘यात गोष्ट कुठे आहे’ ही तक्रार बंद झाली. आता ‘आणखी स्टेशनं द्या’ म्हणून पत्रं येतात. वडील अजून आहेत. तिसऱ्या स्टेशनवर भेटतात.