घोड्यावरचा पुढारी आणि रेल्वे कामगार

रनिंग रूममध्ये, गँगमन बांधवांत, अगदी युनियनच्या कचेरीतसुद्धा हल्ली एक वाक्य सर्रास कानावर येते : "पाच वर्षे देश लष्कराच्या ताब्यात द्या, सगळे सुतासारखे सरळ होतील." बोलणारे आपलेच बांधव असतात. बढती रखडलेली, क्वार्टर गळके, तक्रारीला दाद नाही. त्यांचा संताप आम्हाला समजतो. त्यावरचा हा उतारा मात्र मुळीच मान्य नाही.

स्पॅनिश भाषेत अशा पुढाऱ्याला 'काउदिल्यो' म्हणतात. पदरी सैन्य, घोड्यावर स्वारी आणि कायद्यापेक्षा स्वतःचा शब्द मोठा! स्पेनच्या जनरल फ्रँकोने ही पदवी मिरवत १९७५ मध्ये मरेपर्यंत राज्य केले. त्याच्या राज्यात स्वतंत्र युनियनला बंदी आणि संप हा गुन्हा. चिलीत सप्टेंबर १९७३ मध्ये पिनोशेने सत्ता बळकावली आणि त्याच महिन्यात मध्यवर्ती कामगार संघटना बेकायदा ठरवली.

कोणी म्हणेल, सगळेच तसे नसतात. अर्जेंटिनाचा कर्नल पेरॉन पाहा. जरूर पाहू. त्याने कामगारांना भरपगारी रजा दिली, तेरावा पगार दिला, १९४८ मध्ये इंग्रज कंपन्यांची रेल्वे सरकारी केली. कामगारांनी त्याला डोक्यावर घेतले. मग जानेवारी १९५१ मध्ये रेल्वे कामगारांनी पगारासाठी संप केला. तेव्हा याच कामगारांच्या कैवाऱ्याने संप बेकायदा ठरवून रेल्वेवाल्यांना लष्करी शिस्तीखाली आणले! अनेकांना तुरुंग, शेकडोंना नारळ. देणारा मेहेरबान असला की दिलेले परत मागायला त्याला कितीसा वेळ लागतो?

आपल्याकडे तर लष्करी राज्य न येताही त्याची चव आपण घेतली आहे. मे १९७४ च्या संपात हजारोंना अटक झाली, गाड्या चालवायला टेरिटोरियल आर्मी आणली, बायकामुलांना क्वार्टरबाहेर काढले. पुढच्याच वर्षी आणीबाणी आली आणि "गाड्या वेळेवर धावू लागल्या" असे कौतुक सुरू झाले. गाड्या चालवत कोण होते? आपणच! त्या वक्तशीरपणाच्या काळातच किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला आणि ब्र काढायची सोय उरली नाही.

हा धोका बाबासाहेबांनी ओळखला होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांपुढे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू दाखवणाऱ्या याच नेत्याने २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावले, की धर्मात भक्तीने मोक्ष मिळत असेल, पण राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. (त्याच भाषणात त्यांनी सत्याग्रहही सोडून द्या म्हटले, ते आम्हाला पटत नाही, आणि पटत नाही असे म्हणता येते हाच तर मुद्दा आहे.) लखनौला गोमती नगरात २००८ मध्ये खुले झालेले त्यांचे भव्य स्मारक आहे. गुलाबी दगड, हत्तींच्या रांगा, महापुरुषांचे पुतळे. विभूतिपूजेवर एवढे कडक बोललेल्या माणसापुढे लोक फोटो काढतात नि निघून जातात. ते भाषण वाचणारे किती?

आणि दूर कशाला जायचे? ब्रँचच्या सभेत "साहेब ठरवतील ते" म्हणून हात वर करणारे आपण काय वेगळे करतो? डिसेंबर २०२४ मध्ये युनियनच्या मान्यतेसाठी रेल्वेत गुप्त मतदान झाले. आम्हालाही मते मागत लॉबीत, शेडमध्ये, लाइनवर फिरावे लागले, उलटसुलट प्रश्न ऐकून घ्यावे लागले. घोड्यावरचा पुढारी ही मतपेटी पहिल्याच आठवड्यात उचलून नेईल. तेव्हा येत्या सभेला या, जमाखर्चाचा कागद मागा, आणि सेक्रेटरीने कपाळाला आठ्या घातल्या तरी पुन्हा मागा.